जोडीच्या तिकिटावरचा एकटा प्रवासी

शिलेदारांच्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मी एकटाच निघालो." अकरा पुस्तकं, अकरा देश, आणि अकराही वेळा हा गृहस्थ एकटाच निघालेला. त्यावरूनच गल्लीने त्यांना 'एकांडे शिलेदार' म्हणायला सुरुवात केली. पुढे 'एकांडे' गळून पडलं नि नुसते शिलेदार उरले. खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर असतं. आणि नवरा शिलेदार म्हटल्यावर बायको आपोआप शिलेदारवहिनी झाली. तिला कुणी विचारलं नाही.

आता हा एकटा माणूस निघतो कसा, तेही बघा. आदल्या आठवड्यापासून वहिनी त्याची बॅग भरतात. मोज्यांच्या जोड्या, पोटाच्या गोळ्या, वाचायचा चष्मा, तो हरवला तर दुसरा चष्मा. दाराशी टॅक्सी येते. मागच्या सीटवर शिलेदार बसतात, डोळे मिटून घेतात, कारण एकटेपणाची सुरुवात तिथूनच व्हायची असते. आणि त्यांच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन वहिनी बसतात.

हो, वहिनी. दर खेपेला. त्याचं कारण असं की शिलेदारांनी उभी नोकरी एका प्रवास कंपनीच्या खिडकीत काढली. लोकांना तिकिटं द्यायची, "सुखरूप जा" म्हणायचं आणि काच खाली ओढून डबा खायचा. निवृत्त झाल्यावर कंपनीने जुन्या माणसांना एक सवलत दिली: वर्षातून एकदा परदेशाचं तिकीट, जवळजवळ फुकटात. अट एवढीच की जोडीने जायचं. एकट्यादुकट्याला सवलत नाही. म्हणजे गंमत लक्षात आली का? बायको नसती तर हा एकटा प्रवासी स्टेशनच्या पलीकडे गेला नसता.

परदेशात उतरलं की त्यांचा एक नियम असायचा. ते पुढे चालणार आणि वहिनींनी वीस-पंचवीस पावलं मागून यायचं. "एकटेपणा अंगात भिनावा लागतो गं," ते समजावून सांगायचे, "तू शेजारी असलीस की मला आपल्या नळाचं वॉशर आठवतं." तर पुढे हे, हात पाठीमागे बांधून, मान वर करून, इमारतींची टोकं न्याहाळत. आणि मागे वहिनी. एका खांद्यावर पाण्याची बाटली, दुसऱ्यावर त्यांचा स्वेटर, गळ्यात कॅमेरा.

आता जगाची रीत अशी की मान वर करून चालणाऱ्या पुरुषाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण ओझं घेऊन मागून रखडत येणारी बाई कुठल्याही देशात बायकांच्या नजरेतून सुटत नाही. कुणी दुकानातून हाक मारायची, कुणी पायरीवर सरकून जागा द्यायची, कुणी सरळ हाताला धरून आत न्यायची. वहिनींना परदेशी भाषा एकही येत नव्हती. त्या बिनदिक्कत मराठीत बोलायच्या. "जरा टेकते हं बाई, पाय बोलायला लागलेत." समोरची तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची, वहिनी म्हणायच्या, "अगदी बरोबर, आमच्याकडेही तस्संच," आणि तासाभरात दोघींना एकमेकींच्या सासवा तोंडपाठ झालेल्या असायच्या.

तोवर शिलेदार पुढच्या चौकात एखाद्या पुतळ्याखाली जांभया देत उभे. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत वहिनी कोमट पाण्यात पाय सोडून दिवसभराचं सांगत बसायच्या आणि हे पलंगावर लोड घेऊन लिहीत बसायचे. "मग ती काय म्हणाली?" "मग तू काय म्हणालीस?" वहिनी सांगायच्या, आणि कागदावर उतरताना त्यातली 'तू' पुसली जाऊन 'मी' व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त हा नागोबा वर प्रस्तावनाही लिहायचा.

आठव्या पुस्तकातली बटणवाली गल्लीत अजून कुणी विसरलेलं नाही. एका बोळात बटणं विकणारी विधवा, नवऱ्याच्या जुन्या कोटाचं एक तुटलेलं बटण, त्याच्याशी जुळणारं दुसरं ती वर्षानुवर्षं शोधत होती. वहिनींनी तिच्या डब्यातली बटणं मांडीवर ओतून घेतली, दोघींनी मिळून शोधली. सापडलं नाहीच. बाई वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. पुस्तकात काय आलं? "ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. बाहेर ऊन कलत होतं."

अहो, गल्लीत नुसता गहजब. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर जिन्यात डोळे मिचकावून म्हणाले, "काय शिलेदार, तिकडच्या बायका भलत्याच हळव्या दिसतात!" शिलेदार नुसते हसले. ते हसणं असं की त्यापेक्षा कबुली बरी. दुपारी डॉक्टरांची बायको वर आली आणि दार लोटून घेऊन वहिनींचा हात धरून म्हणाली, "कमाल आहे हो तुमची. कसं चालवून घेता? माझा असता तर मी घरात घेतला नसता."

वहिनींना हसावं की रडावं कळेना. खांदा आपला, रडू आपल्या पदरावर सांडलेलं, आणि वर सांत्वनही आपलंच! पण बोलणार काय? कारण गल्लीला शिलेदारांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं, "येते ना ही बरोबर, सवलतीपुरती. पण हिचे पाय दुखतात. खोलीवरच असते बिचारी."

एकदा वाचनालयाच्या बाईंनी मात्र नेमकं बोट ठेवलं. पुस्तकात शिलेदारांचे पाठमोरे फोटो असतात, समुद्राकडे बघताना, पुलावर उभे असताना. बाईंनी विचारलं, "तुम्ही एकटे होतात, मग हा फोटो कुणी काढला?" शिलेदार क्षणभरही अडखळले नाहीत. "तिपाईने," ते म्हणाले. तिपाईवर कॅमेरा लावायचा, कळ दाबायची आणि पळत जाऊन उभं राहायचं. त्या दिवसापासून वहिनी आरशासमोर केस विंचरताना स्वतःलाच म्हणायच्या, "चला तिपाईबाई, आवरा."

वहिनी कजाग नव्हत्या. भांडण त्यांना जमत नसे आणि हक्कबिक्क हे शब्द त्यांना सभेतले वाटत. पण माणूस आहे, वाटतंच की. अकरावं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी ते उभ्या उभ्या चाळलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, एक सांगू? कुठेतरी एक ओळ टाका ना. 'बायको बरोबर होती.' बस्स. पुढे काही नको."

"अगं, तुला कळत नाही. वाचकाला एकटं माणूस लागतं. दोघं गेली की तो प्रवास राहत नाही, सहल होते."

"एकच ओळ."

असं त्या पूर्वी कधी दुसऱ्यांदा म्हणाल्या नव्हत्या. शिलेदार जरा चपापले. "बरं. बाराव्यात नक्की. शप्पथ." आणि वहिनींनी ते खरं धरलं हो! बाराव्या खेपेची बॅग त्यांनी नेहमीपेक्षा आधी भरायला घेतली. स्वतःसाठी नवा स्वेटरही विणला. ओळीत असणार, तर जरा बरं दिसावं.

तिकिटं हातात आली आणि वहिनींचा गुडघा संपावर गेला. हाडांचे डॉक्टर म्हणाले वाटी बदलावी लागेल. बदलली. वहिनी पलंगावर, पाय उशीवर. आणि एकांडे शिलेदार? ते विमानतळावर. "पुस्तक जाहीर झालंय गं, प्रकाशक माझ्या मानेवर बसलाय." कंपनीच्या खिडकीतला माणूस त्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्याने जोडीच्या अटीकडे काणाडोळा केला. विमानात वहिनींच्या सीटवर शिलेदारांनी पिशवी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर एकटे निघाले होते.

दुसऱ्याच दिवशी फोन. "इथली माणसं भारी तुसडी आहेत. कुणी बोलतच नाही."

"तुम्ही बोललात का?"

"मी निरीक्षण करतोय."

"दुकानात वगैरे जा. टेकते म्हणावं जरा."

"असं कसं कुणाच्याही दुकानात टेकायचं? माझी काही ओळख आहे का?"

मग फोन येतच राहिले. चष्मा कुठे ठेवलाय? दुसरा चष्मा कुठे आहे? पोटाची गोळी जेवणाआधी की नंतर? किल्ली आत राहिली आणि दार बाहेरून लागलं, तर हॉटेलवाल्याला खुणेने कसं सांगायचं? मागे कुणी नसल्यामुळे शिलेदार चौकात थांबायचे आणि कुणीच येऊन पोहोचायचं नाही. शेवटचे चार दिवस त्यांनी खोलीत पाव खाऊन काढले. पाठमोरा फोटो एकही नव्हता. हात लांब करून काढलेले होते, त्यांत अर्धं कपाळ आणि एक कान.

परत आले ते उतरल्या चेहऱ्याने. टेबलाशी बसायचे, "मी एकटाच निघालो" असं झोकात लिहायचे आणि पुढे पेन हलायचं नाही. इकडे प्रकाशकाने प्रकाशनाची तारीख ठरवलेली, वाचनालयाचा हॉल ठरलेला, गल्लीत फलक लागलेला. पुस्तक नाही निघालं तर हसं होणार, ते त्यांना दिसत होतं. अखेर एका सकाळी ते वहिनींच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

"अगं, काही सुचव ना."

"मी कुठे पाहिलाय तो देश?"

"तरी पण."

वहिनींनी उशी सरळ केली. "सांगते. पण माझी ओळ?"

आता ऐका या माणसाचं उत्तर. अकरा पुस्तकं वाचकांच्या डोळ्यांत धूळ फेकत आलेला हा माणूस सरळ ताठ बसून म्हणाला, "पण या खेपेला तू खरंच नव्हतीस. नसताना होती असं कसं लिहू? वाचकांशी प्रामाणिक राहायला नको का?"

 वहिनींना असा संताप आला म्हणता, की गुडघा धड असता तर उठून चालू लागल्या असत्या. पण उठता येत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "बरं. घ्या लिहून. तिथे खानावळी असतील?"

"असतील. दिसल्या होत्या बाहेरून."

"मग एखादी सूपवाली असेल."

आणि वहिनी सांगत गेल्या. छोटी खानावळ, बाहेर चार टेबलं. गल्ल्यावर नवरा बसलेला, पाटीवर त्याचं नाव, लांबलांबून लोक त्याचं सूप प्यायला येतात. आत पडद्यामागे एक बाई. भाज्या चिरणं तिचं, चव तिची, हात भाजतो तोही तिचाच. लोक पितात, तृप्त होतात, आणि जाताना गल्ल्यावरच्या नवऱ्याची पाठ थोपटतात. नवरा म्हणतो, "एकट्याने चालवतो सगळं."

"मग?" शिलेदारांचं पेन धावत होतं.

"मग काय? पाहुण्याने तिला विचारलं, तुला राग नाही येत? ती म्हणाली, राग कसला. पाटी त्याची असू दे, गल्ला त्याचा असू दे. तो पडदा तेवढा जरा सरकवावा असं वाटतं. मला बाहेरची माणसं दिसतील, नि आत थोडा वारा येईल."

शिलेदारांचं पेन थांबलं. वहिनींनी श्वास रोखला. शिलेदारांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "काय नालायक नवरा गं!" ते म्हणाले. "असल्याला चाबकाने फोडला पाहिजे!"

वहिनींनी रोखलेला श्वास सोडला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! "लिहा की तसं," त्या म्हणाल्या.

"लिहितोच!" आणि त्यांनी त्या नवऱ्याच्या नावाने दीड पान आगपाखड केली. इतकं जळजळीत त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

पुस्तक गाजलं म्हणजे काय, विचारू नका. प्रकाशनाला वाचनालयाचा हॉल भरून वाहिला. वहिनी काठी टेकत आल्या आणि पाय लांब करता यावा म्हणून कडेच्या खुर्चीवर बसल्या. शिलेदारांनी सूपवालीचं प्रकरण वाचून दाखवलं. पडद्याच्या वाक्याशी त्यांचा आवाज बरोबर कापला, आणि नवऱ्यावरच्या दीड पानाला समस्त पुरुषमंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. व्यासपीठामागे पडद्याआड त्यांच्याच बायका कपांत चहा ओतत होत्या.

इतक्यात दातांचे डॉक्टर उठले. "शिलेदार, आम्ही ठरवलंय. पुढच्या खेपेला सगळी गल्ली तुमच्याबरोबर येणार. त्या माउलीच्या हातचं सूप प्यायचं आणि तो पडदा आपण आपल्या हाताने काढून फेकायचा!" पुन्हा टाळ्या. "खानावळ कुठे, ते सांगा. आणि तिचं नाव काय?"

झालं! शिलेदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्या माणसाने तिथल्या खानावळी बाहेरूनच पाहिल्या, तो खानावळ कुठली काढणार? "तिचं... म्हणजे... ते असं की..." नुसतं त-त-प-प सुरू झालं.  वाचनालयाच्या बाईंनी चष्म्यावरून रोखून पाहिलं, फोटोच्या वेळी पाहिलं होतं तसंच. आणि शिलेदारांची नजर सवयीने मागे वळावी तशी कडेच्या खुर्चीकडे वळली.

वहिनींनी ठरवलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. एक वाक्य पुरलं असतं. गप्प बसल्या असत्या तरीही चाललं असतं. त्या काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या आणि नाव सांगितलं. स्वतःचं माहेरचं, लहानपणी सगळे हाक मारायचे ते दोन अक्षरांचं नाव. लग्न झाल्यावर त्या आधी सूनबाई झाल्या, मग 'अगं' झाल्या, मग शिलेदारवहिनी. ते नाव शेवटचं हाक म्हणून त्यांच्या आईच्या तोंडून निघालं होतं.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "काय गोड नाव आहे! नावावरूनच कळतं, आपल्याकडची नाही." त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं. सगळ्या हॉलने उच्चारून पाहिलं. इतकी वर्षं एका जिन्याने चढउतार करणारी माणसं, आणि एकाच्याही कपाळाला आठी नाही. चहाचा ट्रे घेऊन आलेली डॉक्टरांची बायको म्हणाली, "किती परकं वाटतं, नाही?"

"आणि खानावळीचं म्हणाल तर तिकडे कुणी जाऊ नका," वहिनी म्हणाल्या. "तिने काम थांबवलंय. गुडघा दुखतो तिचा."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?" डॉक्टरांच्या बायकोने विचारलं.

"यांनी सांगितलं. हे मला सगळं सांगतात ना."

हॉलमध्ये खसखस पिकली. घरबसल्या वहिनींना किती माहिती, असं कुणीतरी कौतुकानेही म्हणालं. फक्त एक माणूस हसला नाही. शिलेदारांना ते नाव ठाऊक होतं. लग्नानंतरचे पहिले काही महिने त्यांनीही तीच हाक मारली होती. ते मटकन खुर्चीत बसले, समोरचं पाणी प्यायले आणि ते दीड पान त्यांना अथपासून इतिपर्यंत पुन्हा ऐकू आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

कार्यक्रम संपला. घरी जाताना सवयीने शिलेदार पुढे निघाले. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर इस्त्रीच्या दुकानापाशी थांबले. मागून काठीचा आवाज हळूहळू जवळ आला. त्यांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली.  बारा पुस्तकांचा लेखक, पण संवाद लिहून द्यायला आज कुणी नव्हतं.

"दुसऱ्या आवृत्तीत नाव घालतो," शेवटी ते म्हणाले.

"घाला."

"आणि... नवरा? त्याच्याबद्दल लिहिलंय ते..."

वहिनी थांबल्या नाहीत. काठी टेकत त्यांच्या पुढे गेल्या.

"नवरा गाळून टाका," त्या मागे न बघता म्हणाल्या. "वाचकाला एकटं माणूस लागतं."